दोन्ही चौकटींत बरोबरची खूण

पुरस्कार मिळावा अशी इच्छा माणसाला नेमकी कोणत्या वयात होते, याचा कोणी अभ्यास केल्याचं ऐकिवात नाही. वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकसाहेबांना ती एकसष्टाव्या वर्षी झाली, आणि तीही दाढी अर्धी झालेली असताना. बायकोने बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचता वाचता विचारलं, "अहो, हे पंखेवाले तुमच्याच वर्गात होते ना?" साहेब एका गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आले. तिसऱ्या पानावर फोटो होता. विद्यापीठाने पंख्यांच्या एका कारखानदाराला 'विशेष माजी विद्यार्थी' म्हणून मानचिन्ह दिलं होतं, आणि तेही आपल्याच कारखान्यात तयार झाल्यासारखा कारखानदार ते धरून उभा होता.

"वर्गात होता म्हणजे काय," साहेब म्हणाले, "प्रयोगशाळेत माझ्या शेजारी उभा राहायचा आणि माझे सगळे आकडे उतरवून घ्यायचा. भिंगाच्या प्रयोगात माझं उत्तर दोन मिलिमीटरने चुकलं होतं. त्याचंही दोन मिलिमीटरनेच चुकलं."

"मग तुम्हाला कसं नाही मिळालं?" बायकोने विचारलं. आज दूध कसं नाही आलं असं विचारावं, तितक्याच सहज. तिच्या मनात काही नव्हतं. पण साहेब परत आरशासमोर गेले ते उरलेल्या गालावर दोन ठिकाणी कापून घेऊनच बाहेर आले.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, नाहीतर साहेब मानपानाला हपापलेले होते असा कोणाचा समज व्हायचा. तसं काही नव्हतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत आपल्याविषयी चारचौघांत कोणी दोन बरे शब्द बोललेले त्यांनी ऐकले नव्हते, एवढंच. एकदा संधी आली होती, निरोप समारंभाची. त्या दिवशी खात्यातून दोघे निवृत्त होत होते, साहेब आणि जीपचा ड्रायव्हर. मुख्य अधिकाऱ्यांनी दोन भाषणांचे दोन कागद खिशात घालून आणले होते. ड्रायव्हर ताप आल्यामुळे आलाच नाही, आणि अधिकाऱ्यांच्या हाताला नेमका त्याचा कागद लागला. "यांच्या हातून बत्तीस वर्षांत एकही अपघात झाला नाही," अधिकारी वाचत गेले. "वळण कितीही अवघड असो, यांचा हात कधी थरथरला नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना सायकलशिवाय दुसरं काही चालवता येत नव्हतं. बायको पहिल्याच रांगेत बसली होती. घरी येईपर्यंत तिने तोंडातून ब्र काढला नाही, आणि दार लावल्यावर मात्र ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. साहेबही तिच्याबरोबर हसले. जेवले मात्र नाहीत.

तेव्हा साहेबांना मानचिन्ह हवं होतं अशातला भाग नाही. ते ठेवायला घरात जागाही नव्हती. कोणीतरी उभं राहावं, बायकोच्या देखत बोलावं, आणि जे बोलेल ते जीपबद्दल नसावं, इतकीच त्यांची अपेक्षा होती.

त्यांचं काम म्हणजे दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासणं. मखमलीचं अस्तर लावलेल्या पेटीत खात्याची प्रमाणवजनं असत आणि ती साहेब कधी उघड्या हाताने उचलत नसत, कारण हाताचा घाम वजनाला लागतो. दुकानदाराची वजनं मात्र ते हातातच तोलत. वजनाच्या बुडाशी एक खळगा असतो, त्यात शिसं भरून त्यावर खात्याचा शिक्का मारतात. ते शिसं कोणी कोरून काढलं असलं तर साहेबांच्या तळहाताला आधी कळे आणि काट्याला नंतर. बत्तीस वर्षांत त्यांनी कोणाच्या दुकानात चहा घेतला नाही, पाणीसुद्धा घरचं बाटलीत नेलं. त्यामुळे खात्यात त्यांच्याबद्दल आदर होता, आणि त्यांच्याबरोबर फेरीवर जायला कोणी तयार नसे.

पुढच्याच महिन्यात विद्यापीठाचं निवेदन छापून आलं. यंदाच्या पुरस्कारांसाठी नावं सुचवा. निवेदन घेऊन मेहुणा दारात हजर. साहेबांचा हा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, विमा एजंट होता, आणि छापील फॉर्म दिसला की त्याला राहवत नसे.

"भावोजी, बघा तरी," तो खुर्ची ओढून म्हणाला. "स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही. दुसऱ्या माजी विद्यार्थ्याने द्यायचं. मी आहेच. तुमच्या कामाचा फायदा झालेल्या एका माणसाचं पत्र लागेल, मोहोरबंद. आणि एक अट आहे. ज्याचं नाव दिलंय त्याला निकालापर्यंत कळता कामा नये."

"मला तर आत्ताच कळलं," साहेब म्हणाले.

"तुम्ही या क्षणापासून विसरा."

आयुष्यभर नियमावर बोट ठेवून चाललेल्या माणसाला हे जड गेलं. दोन दिवस त्यांनी विचार केला. शेवटी त्यांनी असा मार्ग काढला, की अर्जाचं बोलणं चालू असताना आपण तिथेच बसायचं, पण मान खिडकीकडे वळवून. चुकीची माहिती दिसली तर नुसतं खाकरायचं. या पद्धतीने अर्ज भरायला चार संध्याकाळी लागल्या आणि बायकोने साहेबांना घशाचं औषध सुरू केलं.

अर्जात मध्यावर दोन चौकटी होत्या. एक 'विशेष माजी विद्यार्थी' आणि दुसरी 'सन्माननीय नागरिक'. मेहुण्याने दोन्ही चौकटींत बरोबरची खूण केली. त्याचं कारण त्याच्या धंद्यात होतं. पंचवीस वर्षांत तो एक धडा शिकला होता: चौकट रिकामी राहिली की कंपनी तिथेच अडवते. म्हणून तो कुठलीच चौकट रिकामी सोडत नसे. एकदा त्याने एका अविवाहित गिऱ्हाईकाच्या फॉर्मवर बाळंतपणाच्या चौकटीतही खूण केली होती. साहेब त्या वेळी नेमके खिडकीबाहेर बघत होते. खाकरायचं राहून गेलं.

'कार्याचा परिचय, तीनशे शब्दांत' लिहायला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त हेडमास्तरांना बोलावलं. हेडमास्तरांनी चष्मा पुसला, दोन मिनिटं डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. "अज्ञानाच्या काळोखात चाचपडणाऱ्या ग्राहकराजाला ज्यांनी दीपस्तंभ होऊन..."

"दुकानात दिवे असतात," साहेब खिडकीकडे बघत म्हणाले.

"ही अलंकारिक भाषा आहे."

"ठीक आहे. पण तीनशे शब्दांत दीपस्तंभ पाच वेळा आलाय आणि काटा एकदाही नाही."

हेडमास्तरांनी वही मिटली. ज्याला अर्जाची माहितीच नाही त्याने मजकुरात ढवळाढवळ करू नये, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. समेट होऊन एक काटा आत आला आणि एक दीपस्तंभ बाहेर गेला.

खरी अडचण पत्राची झाली. साहेबांच्या कामाचा फायदा झालेला माणूस शोधायचा होता. असा माणूस म्हणजे ज्याला किलोला किलो माल मिळाला तो, म्हणजे अख्खं गाव. पण गावात कोणाला त्याचा पत्ता नव्हता. मेहुणा समोरच्या दारातल्या काकूंना विचारायला गेला. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला उभ्या आयुष्यात साखर कधी कमी मिळाली नाही," त्या म्हणाल्या. "मग यांचा मला उपयोग कुठे झाला?"

मेहुण्याने परत येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. साहेबांनी बराच वेळ त्यावर विचार केला आणि त्यांना त्यात कुठे चूक सापडेना. आपण कुलपासारखे आहोत, चोरी झाली नाही तर कुलपाला कोण विचारतं, असं काहीतरी ते बायकोला म्हणाले. बायको म्हणाली, "मग ज्यांनी कमी द्यायचा प्रयत्न केला त्यांना विचारा. त्यांना तरी तुम्ही नक्की आठवत असाल."

बायका अशा गोष्टी बोलून स्वयंपाकघरात निघून जातात आणि नवऱ्यांची झोप उडते. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब चौकातल्या किराणा दुकानासमोर उभे होते. या दुकानदाराचे काटे त्यांनी बऱ्याचदा जप्त केले होते. एके काळी साहेब रस्त्याच्या टोकाला दिसले, की दुकानात वजनांची अशी पळापळ होई, की गिऱ्हाइकं आपण होऊन बाजूला सरकत. नोकरीच्या शेवटच्या दहा-एक वर्षांत मात्र तिथे काही सापडत नव्हतं, आणि न सापडल्यामुळे साहेबांचा संशय वाढलेला होता.

दुकानदार गल्ल्यावरून अर्धवट उठला. "या साहेब. तुम्ही निवृत्त झालात ना? का परत घेतलं कामावर?"

"निवृत्तच आहे. जरा खासगी काम होतं."

"बसा. चहा सांगतो."

"नको," साहेब सवयीने म्हणाले. मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मेहुण्याने आपल्याला काही कळू दिलेलं नाही, पण आपल्याला अंदाज आहे, अशा भाषेत सांगितलं. दुकानदार ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू कसनुसा होत होता.

"म्हणजे तुमच्याबद्दल मी लिहायचं?"

"हो."

"खरं लिहू का?"

"खोटं लिहा" असं म्हणणं त्यांच्या जिभेला जमण्यासारखं नव्हतं. "खरंच लिहा," ते म्हणाले.

"मग दोन-चार कागद लागतील," दुकानदार म्हणाला.

तीन दिवसांनी पाकीट मिळालं, लाखेची मोहोर लावलेलं. साहेबांनी ते तळहातावर घेतलं. तेवीस ग्रॅम, म्हणजे आत चार कागद. आपली पाठ थोपटणारी माणसं सहसा चार कागद खर्च करत नाहीत, तक्रार करणारी करतात, हे त्यांना नोकरीमुळे ठाऊक होतं. बायकोने किटलीची वाफ दाखवून बघायचं सुचवलं. मोहोर फोडणं हा गुन्हा आहे, असं साहेबांनी तिला सुनावलं, आणि पुढचे दोन दिवस ते पाकीट कपाटात आहे ना हे दर तासाला बघत राहिले.

अर्ज दिल्यावर आठवड्याने विद्यापीठातून बोलावणं आलं. मेहुणा नेमका कामासाठी बाहेरगावी. मग साहेबांनाच जावं लागलं. लांबच लांब बोळ, दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, कपाटांवर दोरीने बांधलेले गठ्ठे, आणि शेवटी शेजारी शेजारी दोन खिडक्या. दोन्ही खिडक्यांमागे एकच बाई बसल्या होत्या. त्या खुर्ची सरकवून एकीतून दुसरीत जात.

"तुम्ही कोण?" बाईंनी विचारलं.

"नातेवाईक."

"कोणाचे? ज्यांनी नाव दिलंय त्यांचे, की ज्यांचं नाव दिलंय त्यांचे?"

"दोघांचाही," साहेब म्हणाले. हे अक्षरशः खरं असल्याचं त्यांना बरं वाटलं.

"त्यांना अर्जाबद्दल काही कळलेलं नाही ना?"

साहेबांनी खिडकीच्या गजाकडे बघितलं. "ते त्याबद्दल कधी बोलत नाहीत."

बाईंनी अर्ज उलटा करून पुढे सरकवला. "दोन्हीकडे खूण आहे. विशेष माजी विद्यार्थी म्हणजे इथे शिकलेला. सन्माननीय नागरिक म्हणजे इथे न शिकलेला. हा माणूस शिकलाय की नाही?"

"शिकलाय. प्रथम वर्गात."

"मग न शिकलेल्यात खूण कशी?"

"ती खोडता येईल?"

"खाडाखोड झाली की अर्ज बाद. ज्यांनी खुणा केल्या त्यांचा लेखी खुलासा आणा."

मेहुण्याने परत आल्यावर खुलासा लिहिला. विम्याच्या पत्रव्यवहारात मुरलेला माणूस तो. 'सदर गृहस्थ शिकलेले असूनही शिकल्याचे जाणवू देत नाहीत, सबब दोन्ही ठिकाणी विचार व्हावा.' हे वाक्य साहेबांना फार लागलं. पण त्याला तोंडी काही बोलावं तर आपल्याला काही माहीत नाही असं ठरलेलं. खाकरून उपयोग नव्हता, पाकीट चिकटवून झालं होतं.

बाईंना मात्र खुलासा पसंत पडला. साहेब समोर उभे असतानाच त्यांनी एका अर्जाच्या दोन फायली केल्या. पहिल्या फायलीत अर्ज, फोटो आणि हेडमास्तरांचे तीनशे शब्द गेले. दुसरी फाईल रिकामी राहिली. रिकामी फाईल समितीपुढे ठेवता येत नाही, म्हणून त्यांनी मोहोरबंद पाकीट तिच्यात घातलं. दोन्ही फायलींना दोन रंगांच्या नाड्या बांधल्या आणि दोन वेगळ्या टोपल्यांत ठेवल्या. "आता जिथे बसेल तिथे बसेल," त्या म्हणाल्या. सरकारी कामात इतकी टापटीप साहेबांनी क्वचितच बघितली होती. घरी येताना त्यांना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

तीन महिने गेले. एका दुपारी मेहुणा दोन पत्रं घेऊन आला आणि बोलायला लागायच्या आधी त्याने पाणी मागितलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, की आपण सुचवलेल्या माजी विद्यार्थ्याच्या फायलीत लाभार्थीचं पत्र नसल्याने तिचा विचार झालेला नाही. दुसऱ्या पत्रात अभिनंदन होतं. आपण सुचवलेल्या सन्माननीय नागरिकाची निवड झाली आहे. आणि खाली नाव चौकातल्या किराणा दुकानदाराचं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. दुकानदाराने पत्र दुकानाच्या छापील कागदावर लिहिलं होतं, त्यावर डाव्या कोपऱ्यात त्याचा फोटो छापलेला होता आणि खाली 'सचोटी हेच भांडवल'. समितीने पाकीट फोडलं, फोटो बघितला, आणि एका व्यापाऱ्याने आपण कसे सुधारलो ते चार कागदांत प्रांजळपणे लिहिलेलं वाचलं. फायलीत दुसरा माणूसच नव्हता, तेव्हा पुरस्कार ज्याचं पत्र त्याला गेला.

"एक खूण लागली म्हणायची," मेहुणा म्हणाला.

बायकोने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तो पुढचं वाक्य गिळून बसला. साहेब उठून आतल्या खोलीत गेले. सायकलवाला माणूस जीपच्या कौतुकाला एकदा हसून मोकळा होतो. पण दुसऱ्यांदा, आणि आपण ज्याचे काटे जप्त केले त्याच्यासाठी, हे कसं गिळायचं? त्यांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण आपण यासाठी खिडकीवर जाऊन उभे राहिलो होतो.

थोड्या वेळाने मेहुण्याने दाराशी येऊन सांगितलं, "भावोजी, एक अर्ज टाकला की निवड रद्द. सरळसरळ कार्यालयाची चूक आहे. तुमचं नाव त्यात आपोआप येईल."

साहेबांनी अर्ज लिहिला. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सहा मुद्दे, सहाही बिनतोड. दुसऱ्या दिवशी अर्ज खिशात घालून ते निघाले, पण आधी दुकानाकडे वळले. कारवाईपूर्वी दुकानदाराला समक्ष कळवायचं, हा खात्याचा नियम होता, आणि नोकरीत त्यांनी तो कधी मोडला नव्हता.

दुकानात दुकानदार दोन्ही हात पसरून उभा होता आणि एक शिंपी त्याच्या छातीचं माप घेत होता. साहेबांना बघून दुकानदार तसाच पुढे आला. शिंप्याची टेप त्याच्या गळ्यात लोंबत राहिली.

"साहेब," तो म्हणाला. "मला पत्र आलं. नाव तुमच्या मेहुण्याने दिलंय म्हणे. पण मला कळलं. मेहुण्याला कोणी सांगितलं असणार? तुम्ही माझ्याकडून ते पत्र लिहून घेतलंत, स्वतःचं नाव पुढे करून. मला संशयसुद्धा येऊ दिला नाहीत."

साहेबांनी खिशाला हात लावला. "त्याचं असं झालं..."

"मी तुम्हाला काय काय बोललोय तुम्हाला माहीत नाही. तुमच्या पाठीमागे. नाही नाही ते. माझी सून विचारते, हे कोण साहेब? मी म्हटलं, ज्याने माझी अब्रू काढली तोच आता परत देतोय." त्याने टेपच्याच टोकाने डोळे पुसले. "चहा सांगू? घेत नाही तुम्ही, माहीत आहे."

साहेबांच्या खिशात सहा मुद्दे होते. त्यांना त्यातला पहिलाही आठवेना. समोर काट्याच्या पारड्यात एक किलोचं वजन होतं. त्यांनी नुसत्याच सवयीने ते उचललं, तळहातावर तोललं आणि खाली ठेवलं. बरोबर होतं.

"सांगा," ते म्हणाले. "साखर कमी."

समारंभाच्या दिवशी साहेब, बायको आणि मेहुणा सभागृहात चौथ्या रांगेत बसले होते. दुकानदाराने खास आमंत्रणपत्रिका पाठवल्या होत्या. यायचं नाही असं साहेबांनी तीनदा ठरवलं, पण बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला होता आणि तिच्यापुढे खात्याचे नियम चालत नसत. व्यासपीठावर कुलगुरू आणि पुरस्काराचे मानकरी बसले होते, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. एक शल्यविशारद, एक बाई ज्यांनी लांबच्या खेड्यांत शाळा काढल्या होत्या, आणि कडेला नव्या कोटात दुकानदार. कोट खांद्यात किंचित मोठा झाला होता. साहेबांच्या ते लगेच लक्षात आलं, साधारण दोन सेंटीमीटर.

दुकानदाराची पाळी आली. भाषण हेडमास्तरांनी लिहून दिलेलं, हे साहेबांना पहिल्या वाक्यावरूनच कळलं. दीपस्तंभाशी येऊन दुकानदार थांबला. त्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि घडी घालून कोटाच्या खिशात ठेवला.

"मला हे वाचता येत नाही," तो ध्वनिवर्धकात म्हणाला. "म्हणजे अक्षर लागतं. पण मी असा बोलत नाही. मी दुकानदार आहे. मला हे कशाबद्दल दिलंय ते मला नीट कळलेलं नाही. मी वीस वर्षं मापात मारत होतो."

कुलगुरूंनी बाटलीकडे नेलेला हात तसाच थांबला.

"वजनाच्या बुडाचं शिसं कोरायचो. पारड्याखाली चुंबक लावायचो. सगळे लावायचे. मग एक साहेब यायचे. पावसात यायचे, उन्हात यायचे. पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. वजन हातात घेतलं की त्यांना कळायचं. माझा काटा तीन वेळा घेऊन गेले. मी नवा आणायचो, परत तेच करायचो, ते परत यायचे. रागावायचे नाहीत. ओरडले असते तर मी पण ओरडलो असतो. शेवटी मला कंटाळा आला. त्यांना काही तो येईना. तेव्हापासून गेली बारा वर्षं मी किलोला किलो देतो. तुम्ही ज्यांनी ज्यांनी माझ्याकडे साखर घेतलीत, ती त्यांनी तोलून दिलेली आहे. मी नुसती पुडी बांधली." त्याने घसा साफ केला. "त्यांचं नाव कोणी दिलं नाही. आणि त्यांनी माझं दिलं. ते तिथे बसलेत, चौथ्या रांगेत. इस्त्रीच्या शर्टात."

सगळं सभागृह वळलं. कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग टाळ्या थांबेचनात. साहेबांना बायकोचा हात आपल्या मनगटावर जाणवला. तिने तो घट्ट धरला होता आणि ती हसत नव्हती. साहेबांना फार आनंद झाला, इतका की तो कुठे ठेवावा ते कळेना, आणि डोळे भरून आल्यामुळे त्यांना व्यासपीठ दोन दोन दिसायला लागलं. कुलगुरूंनी हाताने खूण केली. एका शिपायाने ध्वनिवर्धक आणून साहेबांच्या हातात दिला. साहेब उभे राहिले.

त्यांनी असल्या प्रसंगी काय बोलतात ते आठवून बघितलं. काही आठवलं नाही. मग जे तोंडाशी आलं ते बोलले.

"चार वेळा," ते म्हणाले. "काटा मी चार वेळा जप्त केला होता."

दुकानदाराने व्यासपीठावर उभ्या उभ्या बोटं मोजून हिशेब केला. "बरोबर," तो म्हणाला. "चार." लोक हसले, आणि त्या हसण्यातच पुन्हा टाळ्या सुरू झाल्या.

साहेब अजून उभेच होते. त्या भाषणात आणखी एक गोष्ट चुकीची होती, काट्याच्या आकड्यापेक्षा पुष्कळ मोठी, आणि ती साहेबांच्या अगदी जिभेवर आली होती. मेहुण्याने खुर्चीत अंग चोरलं. व्यासपीठावर दुकानदार त्यांच्याकडे बघत होता, मानचिन्ह दोन्ही हातांनी पोटाशी धरून, पोरासारखा. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि ध्वनिवर्धक शिपायाच्या हातात परत दिला.

ते खाली बसल्यावर बायकोने त्यांच्याकडे वाकून हळूच विचारलं, "आणखी काही सांगायचं होतं ना तुम्हाला?"

"नाही," साहेब म्हणाले. "बाकी सगळं बरोबर होतं."